शर्ट दिला, खबर दिली नाही

२५ सप्टेंबर २०२३. बलात्कार झालेली एक अल्पवयीन मुलगी रक्तबंबाळ अवस्थेत उज्जैनच्या रस्त्यांवर मदत मागत फिरत होती. एका घराच्या दारातून तिला हाकलून दिल्याचं सीसीटीव्हीचं चित्रण साऱ्या देशाने पाहिलं. अखेर बडनगर रोडवरच्या एका आश्रमातल्या पुजाऱ्याने तिच्या अंगावर वस्त्र घातलं आणि पोलिसांना बोलावलं. उपचारांसाठी तिला आमच्या इंदूरला आणलं गेलं.

मी इंदूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. या प्रकरणातली एक गोष्ट मला अजून छळते. वाटेत काहींनी तिला पैसे दिले. एका ऑटोवाल्याने आपला खाकी शर्ट दिला. म्हणजे दया होती, पण पोलिसांना खबर द्यायचं मात्र त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नाही. माहिती न दिल्याबद्दल पुढे त्या ऑटोवाल्यालाही अटक झाली.

पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं जो जाणतो, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. गप्प राहिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांनी ती माहिती क्रमांक घालून लेखी नोंदवायची आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही.

तरीही लोक मला म्हणतात, “वकीलसाहेब, कोर्टकचेरीच्या लफड्यात कोण पडणार?” ही भीती खोटी नाही. तारखांवर तारखा पडतात, साक्षीदार व्हरांड्यात ताटकळतो आणि समोर आरोपीची माणसं उभी असतात. साक्षीदार फितूर होतात त्यामागे बरेचदा हेच असतं. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. ती नीट राबवणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पण कायद्याचा हात सगळीकडे पोचत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये उज्जैनमध्येच भरदिवसा फुटपाथवर एका महिलेवर बलात्कार झाला आणि बघणाऱ्यांनी मोबाईलवर चित्रण केलं. खून, दरोडा, खोट्या नोटा, अन्नातली भेसळ यांची खबर देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ने प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. त्या यादीत प्रौढ स्त्रीवरचा बलात्कार नाही. तो तिथे यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर असा गुन्हा बघत उभ्या असलेल्या माणसाला बांधून ठेवते ती फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी.

गुंडाशी दोन हात करा, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण चित्रण करायला हातात घेतलेल्या मोबाईलवरून ११२ लावता येतो, मुलांसाठी १०९८ लावता येतो. जागा सांगा, वेळ सांगा, जे पाहिलंत ते सांगा. आणि साक्षीला बोलावलं, तर जा.