उखळ, मिक्सर आणि पस्तीस टक्के

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगला आमचा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. मी, माझी जाऊ आणि मदतीला शेजारच्या बायका. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेली माणसं जाता-येता पुडे घेतात, थोडा माल सोलापूरच्या दुकानांत जातो. धंदा दिसला की मशीन विकणारे येतातच. ते आधी बजेट विचारतात. मी विचारते, आत फिरतं काय आणि कसं?

कारण आमची सगळी कमाई त्यावर आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात घालून कुटलं की मुसळाच्या दाबानं दाणा चिरडतो, तेल सुटतं आणि ते तिखटात मुरतं. वरून थेंबभर तेल न घालता चटणी तांबडी होते, मुठीत दाबली तर गोळा होतो. मिक्सरचं पातं दाणा कापतं. कमी फिरवलं तर कोरडं कूट, जास्त फिरवलं तर तळाशी लगदा आणि वर भुगा. शिवाय मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत पळते. भांडं तापतं, लसणाला उग्र वास सुटतो. महागड्या मिक्सरला वॅट जास्त, भांडं जाड, आवाज जरा कमी. पण पातं शेवटी कापणारच. तीन हजारांच्या मिक्सरमध्ये जी चटणी जमत नाही, ती पंचवीस हजारांच्यातही जमत नाही.

मिक्सरला नावं ठेवायची नाहीत मला. आपल्याकडचा दणकट मिक्सर जन्मला तोच मुळी परदेशी यंत्र आपल्या वाटणापुढे हरलं म्हणून. मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन ब्राउन मिक्सर जळाला. नवरा सत्यप्रकाश सीमेन्समध्ये इंजिनिअर. दोघांनी मिळून आपल्या डाळी-मसाल्यांना पुरून उरेल अशी मोटर बसवलेला ‘सुमीत’ 1963 साली बाजारात आणला. पुढे अमेरिकेला निघालेल्या कितीतरी घरांनी तो सामानात बांधून नेला. ब्राउन काही स्वस्तातला नव्हता. ज्यासाठी तो बनवला होता, ते काम आपल्या स्वयंपाकघरात नव्हतं, एवढंच. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरचंही असंच. दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही. म्हणून इडलीवाले मिक्सर सोडून त्याच्याकडे जातात.

आम्ही शेवटी कांडप मशीन घेतलं. दिसायला ओबडधोबड, स्वयंपाकघरात शोभा तर अजिबात नाही. पण मुसळ वर जातं, खाली पडतं, उखळाचीच चाल. त्याची मोटर पंपाच्या जातीची, म्हणजे इंडक्शन. मिनिटाला चौदाशे-साडेचौदाशे फेऱ्या, कार्बन ब्रश नाहीत, तासन् तास चालते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, तेव्हा पूर्ण भारानं तासभर चाललं तरी वीज पाऊण ते एक युनिटच्या आसपास. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका मावशींनी तरीही विचारलंच, "अक्का, चटणी मशीनची काय ओ?" मी हो म्हटलं. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि नेहमीएवढाच पुडा घेतला. दाणे भाजणं मात्र अजून हातानंच. कुठल्या क्षणी आच बंद करायची हे सालीच्या रंगावर आणि वासावर ठरतं, आणि चटणीची निम्मी चव तिथेच असते.

किमतीचा हिशेब मी असा मांडते. छत्तीस हजारांचं मशीन पाच वर्षं धरलं तर महिन्याला सहाशे रुपये पडतात. महिन्याला दहा किलो माल केला तर किलोमागे साठ रुपये नुसते मशीनचे. शंभर किलो केला तर सहा. तेच मशीन एकीला बुडवेल आणि दुसरीला तारेल. घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकाला म्हणूनच मी कुणाला महागडं यंत्र सुचवत नाही, हौस असेल तर गोष्ट वेगळी. हौसेला हिशेब विचारू नये, पण हौसेला ‘गुंतवणूक’ही म्हणू नये.

अनुदानानं हा हिशेब भल्याभल्यांचा बिघडतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 2020 पासून पस्तीस टक्के अनुदान मिळतं, कमाल दहा लाख. चांगली योजना आहे. पण छत्तीस हजारांतले बारा हजार सहाशे सुटतात म्हटल्यावर बायका साठ हजारांचं बघायला लागतात. उरलेल्या पासष्ट टक्क्यांत किमान दहा आपल्या पदरचे, बाकी कर्ज. हप्ता काही मशीन रिकामं पडलंय म्हणून थांबत नाही. मी बचत गटात सांगते, अनुदान नाहीच असं धरून यंत्र निवडा, मग अर्ज भरा. आणि मेकॅनिक कुठला आहे ते विचारा. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं तर सोलापुरातला माणूस त्याच दिवशी येतो. पुण्याहून यायचा असेल तर ऐन सणात मशीन झाकून ठेवायचं.

आता भाकरीचा प्रश्न पुढ्यात आहे. मूळच्या पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापुरात 2008 मध्ये कंपनी काढून पीठ मळण्यापासून पोळी भाजण्यापर्यंत सगळं करणारं ‘रोटीमॅटिक’ केलं. अमेरिकेत ते सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास मिळायचं. परदेशात दोघंही नोकरीला, पोळीवाली बाई मिळत नाही. तिथं ते परवडत असेल. आमची गोष्ट ज्वारीची. गव्हासारखा ताण तिच्यात नाही. आधणाच्या पाण्यानं मळायचं, पीठ ताजं हवं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला की मालदांडी ज्वारीचीसुद्धा भाकरी कडेला फाटते. कडक भाकरी तर पातळ थापून, मंद आचेवर दाबत दाबत वाळवायची. हे सगळं मशीनला जमेल असं मला वाटत नाही.

पण जावेचा खांदा उतरलाय. रात्री हात वर होत नाही तिचा. हाताची चव म्हणून आपण जे मिरवतो, त्याचं बिल कुणाच्या तरी खांद्यावर फाटतं, हे हिशेबात धरायलाच हवं. म्हणून थापण्यापुरतं दाबाचं मशीन बघतोय. मळणं आणि भाजणं आमच्याकडेच. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला तयार आहे. त्याच्याकडे कणीक मळून तयार असते आणि पोळ्या झकास पडतात. आम्ही आदल्या संध्याकाळी दळलेलं ज्वारीचं पीठ डब्यात घालून नेणार आहोत, आणि मळायला जाऊच बसेल.