आजीच्या पदराची गाठ

फर्दापूर म्हटलं की लोकांना अजिंठ्याची लेणी आठवतात. मला आठवतो कोंडवाडा.

मी चौथीत असेन. शेजारच्या काकांची गाय रात्री आमच्या कपाशीत शिरली. सकाळी आजोबांनी तिला धरून कोंडवाड्यात घातली. कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा तेच सांगतो: नुकसान करणारं जनावर धरा आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवा. मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरला की ते सुटतं. भरपाई हवी असेल तर शेतकऱ्याने कोर्टात वेगळा दावा लावायचा! आजोबांनी तोही लावला. तारखा पडत राहिल्या, दोन घरांचं बोलणं बंद झालं.

काकांचं म्हणणं एकच, गायरान लोकांनी नांगरून टाकलं, गुरं चारायची कुठे? (गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावलं. तोवर हे दोघंही गेले होते.) आणि गंमत बघा, उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला आजोबाच धनगरांना निरोप धाडायचे, वर धान्य द्यायचे. लेंडीखत हवं असायचं ना!

असो. त्या दिवशी गाय कोंडवाड्यात आणि वासरू काकांच्या गोठ्यात. दिवसभर हंबरत होतं. भाकरी थापता थापता आजीचा हात थांबायचा. संध्याकाळी तिने पदराची गाठ सोडली, दंडाचे पैसे माझ्या मुठीत कोंबले. "काकूला नेऊन दे. आजोबांना बोलू नको."

नाही बोललो. आत्या, तुलाही हे आज इथेच कळतंय.