डोंगरावरून वापस आलेले



६ ऑगस्ट हा प्रभूच्या रूपांतराचा सण. त्याच्या आधीच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मत्तयकृत सुवार्तेचा सतरावा अध्याय घेतो. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन उंच डोंगरावर जातो, त्याचा चेहरा सूर्यासारखा तळपतो आणि वस्त्रे शुभ्र होतात. ही शुभ्रता मुलांना समजावून सांगायची तर बर्फाचे उदाहरण सोपे, पण आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो फ्रिजमधला आणि जत्रेतल्या गोळ्यातला. आदिलाबादला थंडी कडक पडते, काही रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जातो, शेकोटीशिवाय भागत नाही. तरी बर्फ काही पडत नाही. मे महिन्यात याच आदिलाबादला पंचेचाळीस अंशांचे ऊन असते.

डोंगर मात्र आपल्याकडे आहेत. निर्मलचा घाट आहे, उटनूरकडचे सातमाळ्याचे डोंगर आहेत. आपल्या शाळांच्या सहली कुंटाला धबधब्याला जातात, फार तर हैदराबादला. मोठ्या शहरांतल्या शाळा मुलांना मनालीला नि गुलमर्गला नेतात, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवतात. मोबाइलवर ते पाहून आमची मुले विचारतात, “सर, आपल्याला कधी?” कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून, त्या घरांत या प्रश्नाला उत्तर नसते.

म्हणून यंदा आम्ही वर्गात आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांची हकिकत सांगितली.

पहिली मुलगी मालावत पूर्णा. आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, लंबाडा समाजातली, शेतमजुरी करणाऱ्या आईबापांची लेक. सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. या निवासी शाळांतल्या शंभराहून अधिक मुलांना भोनगीरच्या प्रचंड खडकावर चढाईचे शिक्षण दिले गेले. त्यातून निवडलेली थोडी मुले दार्जिलिंगला गेली, त्यातलीही थोडी ऐन हिवाळ्यात लडाखला गेली. शेवटी दोघे उरले, पूर्णा आणि खम्ममकडचा साधनापल्ली आनंदकुमार. नेपाळ सोळा वर्षांखालच्या मुलांना परवानगी देत नाही, म्हणून ही मोहीम तिबेटच्या बाजूने झाली. २५ मे २०१४ रोजी दोघेही एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले. पूर्णाचे वय होते १३ वर्षे ११ महिने. पुढे २०२२ पर्यंत तिने सातही खंडांची सर्वोच्च शिखरे पूर्ण केली.

दुसरी हकिकत तर आणखी जवळची. आपल्या हद्दीला लागूनच चंद्रपूर जिल्हा. तिथल्या बोर्डा, देवाडा, जिवती या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलांसाठी ‘मिशन शौर्य’ नावाची मोहीम निघाली. जिवतीचा डोंगर म्हणजे आपलाच डोंगर. तिथल्या काही गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. ऑगस्ट २०१७ पासून त्या मुलांचे प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख अशी पायरी पायरीने तयारी झाली. जी मुले चंद्रपूरच्या उन्हात वाढली, ती बर्फात झोपायला शिकली. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टवर पोहोचले. पंतप्रधानांनी रेडिओवरच्या ‘मन की बात’मध्ये त्यांची नावे घेतली.

हे सांगताना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगितली. एव्हरेस्टसाठी निवडलेली मुले दहा होती. शिखरावर पाच पोहोचली.

मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, “मंग बाकीचे पाच काहून वापस आले सर? भेले का?”

वर्गात हसू झाले, पण ती हसत नव्हती. आम्हांला माहीत होते का ते. तिचा मोठा भाऊ दूरच्या शहरातल्या एका निवासी कॉलेजात इंटरला गेला होता. बापाने कापसावर कर्ज काढून फी भरली होती. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत वर्ग आणि अभ्यास, दर आठवड्याला परीक्षा, भिंतीवर नंबरांची यादी. तीन महिन्यांत मुलगा निम्मा झाला, जेवेना, झोपेना. एके दिवशी बाप गेला आणि त्याला घेऊन आला. गावात एकच बोलणे, “वापस आला म्हणे.” मुलगा रविवारी चर्चला यायचा, पण पूर्वीसारखा गाणाऱ्यांत बसत नसे. दाराजवळ उभा राहायचा आणि शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच निघून जायचा. त्याच्या बहिणीच्या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे त्यालाही उत्तर देणे होते.

आधी आम्ही डोंगराचे उत्तर दिले. आठ हजार मीटरच्या वर माणसाचे शरीर टिकत नाही. ८,८४८ मीटर उंचीच्या शिखरावर प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश मिळतो. तिथे हातापायांची बोटे गोठतात, डोके चालेनासे होते. म्हणून जाणकार गिर्यारोहक आधीच वेळ ठरवून ठेवतात. त्या वेळेपर्यंत शिखर आले नाही तर ते समोर दिसत असले तरी मागे फिरायचे. कारण चढणे ही निम्मीच वाट, आणि कितीतरी माणसे शिखर गाठून उतरतानाच मेली आहेत. बर्फावर घसरायला शिकवतात तिथेही नवख्याला आधी वेग शिकवत नाहीत. पडायचे कसे, पडल्यावर उठायचे कसे, पट्ट्यांची टोके जवळ आणून थांबायचे कसे, हे पहिले धडे. ज्याला थांबता येत नाही त्याला वरच्या उतारावर सोडतच नाहीत. तेव्हा बाई, वापस येणे म्हणजे भिणे नव्हे. जिवंत वापस येणे हीसुद्धा डोंगराचीच विद्या आहे. ती दहाही मुले आपापल्या आईबापांकडे वापस आली, हे त्या मोहिमेचे मोठे यश.

मग आम्ही सुवार्तेचे उत्तर शोधू लागलो, आणि ते त्याच अध्यायात मिळाले.

रूपांतराच्या डोंगरावर येशूशेजारी दोघे जण दिसतात, मोशे आणि एलिया. नियमशास्त्र आणि संदेष्टे यांचे ते प्रतिनिधी, असे आपण शिकतो आणि ते खरेच आहे. पण त्या दोघांचे आयुष्य आठवून पाहा.

मोशे चाळीस वर्षे लोकांना घेऊन रानातून चालला. शेवटी नबो डोंगरावर देवाने त्याला वचनदत्त देश नुसता दाखवला. तो देश डोळ्यांसमोर होता, पण त्याचे पाऊल तिथे पडले नाही. अनुवादाच्या चौतिसाव्या अध्यायात हे वाचताना आजही मन भरून येते. जगाच्या हिशेबात मोशे पोहोचला नाही.

आणि एलिया? कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यावर ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागितले. १ राजे, अध्याय १९ वाचा. देवाने तेव्हा काय केले? त्याला रागावला नाही. एवढा मोठा संदेष्टा आणि असे बोलतो, असेही म्हणाला नाही. एलिया झोपला, देवाने त्याला झोपू दिले. दूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. प्रश्न विचारले ते फार नंतर, होरेब डोंगरावर, आणि तेही हळू आवाजात.

म्हणजे गौरवाच्या डोंगरावर प्रभूच्या एका बाजूला न पोहोचलेला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला पळून गेलेला. मोशेला जो देश दुरून पाहावा लागला, परंपरेने सांगितलेला ताबोर डोंगर त्याच देशात आहे. माणसांनी ज्याचा हिशेब बंद केला, त्याला देवाने शेकडो वर्षांनी आपल्या पुत्राशेजारी तिथे उभे केले. देवाच्या वेळापत्रकात कोणाचा निकाल आपल्या तारखेला लागत नाही.

अध्याय इथेच संपत नाही. पेत्राला वरच राहायचे होते, तीन मंडप बांधायचे होते. येशू त्यांना घेऊन खाली उतरला. पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता. तो मुलगा कधी विस्तवात, कधी पाण्यात पडायचा. खाली राहिलेल्या शिष्यांना त्याला बरे करता आले नव्हते, म्हणजे तेही त्या दिवशी नापासच. येशूने त्या मुलाला आपल्याकडे आणायला सांगितले. वरचे तेज ज्याच्यासाठी खाली आले तो एक त्रासलेला मुलगा होता, हे आपण फार वेळा वाचतो आणि पुढे जातो.

बंधू-भगिनींनो, आपल्या राज्यात २०१९ साली इंटरच्या निकालानंतर वीसहून अधिक मुलामुलींनी आपला जीव संपवला. निकालात घोळ होते, ते पुढे उघड झाले. पण गेलेली मुले आली नाहीत. ती मुले कोणत्या तरी झुडपाखाली एकटी बसली होती आणि त्यांच्यापर्यंत भाकर-पाणी घेऊन कोणी पोहोचले नाही. आपल्या धर्मग्रामात असे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

ज्यांना गिरिप्रेमी संत हवा असेल त्यांनी संत पियेर जॉर्जो फ्रासाती यांच्याकडे पाहावे. इटलीतल्या तुरीन शहरचा हा तरुण, घर श्रीमंत, वडील वर्तमानपत्राचे मालक. त्याला डोंगर चढण्याचा आणि बर्फावर घसरण्याचा भारी नाद. शाळेत तो लॅटिनमध्ये नापास झाला होता, हेही मुलांना सांगा. खाणकामगारांची सेवा करता यावी म्हणून त्याने खाणकामाचे इंजिनिअरिंग घेतले. डोंगरावरून उतरला की तो तुरीनच्या गरीब वस्त्यांत आजाऱ्यांना भेटायला जायचा. १९२५ च्या जुलैत चोविसाव्या वर्षी पोलिओने त्याचा अंत झाला, पदवी हाती येण्याआधीच. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासाने त्याच्या संतपणात काही उणे पडले नाही.

आता आपल्या घरांसाठी थोडे. मुलगा किंवा मुलगी कुठूनही वापस आली, हॉस्टेलातून, परीक्षेतून, नोकरीतून, तर पहिल्या दिवशी ‘काहून’ विचारू नका. देवाने एलियाला केले तेच करा: जेवू घाला, झोपू द्या. प्रश्न नंतर, आणि हळू आवाजात. शेजाऱ्याच्या मुलाबद्दल ‘वापस आला म्हणे’ हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. त्यापेक्षा त्याच्या घरी जा आणि ‘बरे झाले आलास’ म्हणा. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, धर्मगुरूंना सांगा, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते. देवाचा दूत कोणत्या रूपाने येईल हे आपण ठरवत नाही.

त्या मुलीचा भाऊ आता बसने आदिलाबादच्या कॉलेजात जातो. नंबर पहिल्या दहात नाही. रविवारी शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत थांबतो. गाणाऱ्यांत अजून बसत नाही. आम्ही घाई करत नाही.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू डोंगरावर तेजाने झळकलास आणि आमच्यासाठी खाली उतरलास. जी लेकरे शिखरावर गेली त्यांना नम्र ठेव. जी अर्ध्या वाटेवरून फिरली त्यांना तुझ्याशेजारी जागा दे, जशी मोशेला आणि एलियाला दिलीस. आमच्या घरांची दारे वापस येणाऱ्यासाठी उघडी असू दे आणि चुलीवर त्याच्यासाठी एक भाकर जास्त असू दे. आमेन.