चार महिन्यांची हुंडी

पुण्या-मुंबईच्या एखाद्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने, "एका सत्रासाठी परदेशी जाण्याकरिता निवड झाली आहे," असे घरी कळविले, की वरवट बकालसारख्या गावातील दुकानदार कुटुंबात आनंदाआधी प्रश्नांची रांग लागते. खाणार काय? राहणार कोणाबरोबर? ऐन हंगामात एवढी रक्कम कोठून काढायची? आणि सर्वांत शेवटी, हलक्या आवाजात विचारलेला प्रश्न : परत येईल ना? आजीचा पहिला प्रश्न मात्र निराळाच असतो. "पर्युषणात कुठे असशील, बेटा?" बाकी मंडळी त्यावर हसतात, परंतु एवढ्या प्रश्नांत नेमका प्रश्न तोच असतो.

ही व्यवस्था म्हणजे परदेशी पदवी घेणे नव्हे. पदवी येथलीच राहते, शुल्कही येथल्याच विद्यापीठात भरले जाते आणि विनिमय-करारामुळे तेथले शिकवणी शुल्क माफ होते. चार-सहा महिने तेथे शिकायचे, परीक्षा द्यायची आणि मिळालेली श्रेयांके येथल्या गुणपत्रिकेत जमा करून घ्यायची. युरोपात एका सत्राची ३० श्रेयांके धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. हे प्रवासवर्णन लिहिण्याचे निमित्त आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. कल्पना तशी जुनीच. १९२३ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठविले, तेथून या प्रथेची सुरुवात मानली जाते. युरोपातील 'इरॅस्मस' योजना १९८७ मध्ये अकरा देश आणि ३,२४४ विद्यार्थी घेऊन सुरू झाली. भारतात आयआयटी, आयआयएम, विधी विद्यापीठे आणि काही खासगी विद्यापीठे असे करार करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही परदेशी मिळविलेली श्रेयांके पदवीसाठी धरण्यास मोकळीक दिली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बी.कॉम. करणाऱ्याच्या वाट्याला ही संधी अजून क्वचितच येते. गाव सोडून आधी पुणे गाठावे लागते, मग पुढचे.

व्यापारी घराला हे समजावून देण्यासाठी इंग्रजी माहितीपत्रकाची आवश्यकता नाही. हुंडी आठवली म्हणजे पुरे. एका पेढीवर रक्कम भरावी आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या पेढीने केवळ कागद पाहून ती द्यावी, हा व्यवहार दोन पेढ्यांच्या परस्परविश्वासावर चाले. येथे रकमेऐवजी विद्या आहे, एवढाच फरक. इंग्रजीतील 'क्रेडिट' म्हणजे वहीतील 'जमा', आणि ती जमा येथली पेढी सकारणार की नाही, हे निघण्यापूर्वी लेखी ठरते. कोणते विषय घेणार, ते येथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, याच्या करारावर विद्यार्थी, पाठविणारे विद्यापीठ आणि बोलाविणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. तेथे गेल्यावर एखादा विषय बदलला, तर पुन्हा लेखी संमती घ्यावी लागते. ती न घेता बदल केला, तर अभ्यास होतो, पण जमा होत नाही. जुन्या व्यवहारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच ती वटे. विद्यार्थ्याची हुंडी याच जातीची. तेथे अनुत्तीर्ण झालेला विषय येथे कोणी सकारीत नाही.

घरातील भीतीला मात्र हुंडीच्या उपमेने उत्तर मिळत नाही. ती फार जुनी आहे आणि तिला सरसकट अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. जो त्यांना मदत करील किंवा निरोप द्यायला बंदरावर जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. त्याआधी आई पुतळीबाईंच्या मनाचे समाधान झाले ते बेचरजी स्वामी या जैन साधूंमुळे. मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी मुलाकडून घेवविली आणि आईने परवानगी दिली. पुढे लंडनमध्ये कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्षात घेतली जाते ती दुसरी गोष्ट : ज्ञातीचा दंड कोणाच्याही उपयोगी पडला नाही, प्रतिज्ञा पडली.

पाच वर्षांनी, ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली. निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना होते. साधूला समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या श्रावकाला तयार करून पाठविले. त्या व्यासपीठावर त्यांनी जैन धर्माची बाजू मांडली. तरीही समाजातील काही मंडळींनी त्यांच्या समुद्रगमनावर आक्षेप घेतला आणि प्रायश्चित्ताची मागणी केली. आत्मारामजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. धर्माच्याच कामासाठी गेलेल्याची ही अवस्था, तर पोटच्या मुलाविषयी आजीला काळजी वाटणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

शास्त्राचा आधार घेऊन कोणी दिग्व्रताचे नाव पुढे करील. दिग्व्रत, म्हणजेच दिशापरिमाण, प्रवासाला मनाई करीत नाही. प्रत्येक दिशेची मर्यादा आधी ठरवून घ्यायला सांगते. ज्यांनी ते घेतले आहे, त्यांनी आपली मर्यादा पाळावीच. ज्याने घेतलेलेच नाही, त्या विद्यार्थ्यावर आजोबांची मर्यादा लादता येत नाही. या व्रताचा एक अतिचार 'क्षेत्रवृद्धी' हा आहे : एका दिशेची मर्यादा कमी करून तेवढीच दुसऱ्या दिशेला वाढविणे. शास्त्रकारांना व्यापाऱ्याचे मन किती नेमके ठाऊक होते, हे येथे दिसते. एका खात्यातील शिल्लक दुसरीकडे वळवून ताळेबंद जुळविण्याची सवय व्रताच्या वहीत चालत नाही.

खरी परीक्षा ताटाशी होते, आणि ती बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा वेगळी असते. शाकाहार ही आता युरोपात अडचण राहिलेली नाही. जर्मन विद्यापीठांच्या भोजनालयांत शाकाहारी व वीगन पदार्थांवर तशा खुणा असतात. अडचण बटाट्याची आहे. जो जमीकंद खात नाही, त्याला तेथल्या शाकाहारी ताटात बटाटा वगळल्यावर काय उरते हे पहिल्याच आठवड्यात कळते. दुसरी अडचण सूर्याची. वरवट बकालला डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही साडेदहा तासांहून मोठा असतो. बर्लिनला त्या सुमारास सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चार वाजण्याच्या आत मावळतो. नवकारसी करणाऱ्याने सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांचा हिशेब धरला, तर मुखात पाणी पडायला नऊ वाजतात. त्या वेळी तो वर्गात असू शकतो. रात्रिभोजनत्याग असेल, तर संध्याकाळचे जेवण साडेतीनलाच उरकावे लागते. उन्हाळी सत्रात याच्या उलट : जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर, आणि नियम पाळणे इतके सोपे, की तो पाळला जात आहे याचेही भान राहू नये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथली घड्याळे एक तास मागे घेतात. कालपर्यंत पावणेसहाला होणारा सूर्यास्त एकदम पावणेपाचला येतो. हे आधी माहीत नसलेला विद्यार्थी त्या दिवशी हमखास चुकतो.

भारतातील हिरवा ठिपका तेथे नाही. मात्र वेष्टनावर घटकपदार्थ छापणे युरोपीय संघात बंधनकारक आहे. ते वाचायला शिकणे हाच पहिल्या पंधरवड्याचा अभ्यास समजावा. गोळ्या-मिठायांत आणि काही दह्यांत जिलेटिन असते. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने जमवितात. ई-१२० हा लाल रंग किड्यांपासून काढलेला, ई-९०४ ही लाख. ई-४७१ वनस्पतिजन्यही असू शकते आणि प्राणिजन्यही. तेव्हा संशय असेल तेथे वस्तू परत ठेवावी. घरून डबे देणाऱ्यांनी एक नियम ध्यानात घ्यावा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवावेत. खाखरा, पापड, मूगवड्या आणि भाजलेली पिठे द्यावीत. वसतिगृहातील स्वयंपाकघर सामायिक असते, शीतकपाटाचा एकच कप्पा वाट्याला येतो आणि शेजारच्या कप्प्यात काय असेल ते सांगता येत नाही. स्वतःची दोन भांडी, एक तवा आणि झाकणाचे डबे एवढ्याने पुष्कळ भागते.

अँटवर्पला किंवा लेस्टरला देरासर आहे. तेथे गेल्यास ओळखीची भाषा कानी पडेल. परंतु सगळी सत्रसुट्टी तेथेच घालविणारा विद्यार्थी फार काही घेऊन येत नाही. जर्मनीत गेलेल्याने तेथल्या ग्रंथालयात हर्मन याकोबी यांनी १८८४ आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेली जैन सूत्रांची इंग्रजी भाषांतरे अवश्य उघडावीत. घरी कपाटात बासनात बांधून ठेवलेले आचारांग अनेकांनी प्रथम तेथेच वाचले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. लायपझिगच्या डॉ. शार्लोट क्राउझे १९२५ मध्ये अभ्यासासाठी भारतात आल्या, श्राविका झाल्या, सुभद्रादेवी हे नाव त्यांनी घेतले आणि आयुष्य ग्वाल्हेरला काढले. विनिमय या शब्दाचा एवढा पुरा अर्थ क्वचितच कोणी वसूल केला असेल.

आता पैशाचे. तीन महिन्यांहून अधिक काळासाठी जर्मनीचा विद्यार्थी-व्हिसा हवा असेल, तर शिष्यवृत्ती नसलेल्याला साधारणतः दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, या हिशेबाने गोठविलेल्या खात्यात रक्कम दाखवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले. हिशेबासाठी युरो शंभर रुपये धरला, तर सहा लाखांच्या घरात. विमानभाडे आणि विमा वेगळा. ही रक्कम खर्च होऊन जात नाही. ती विद्यार्थ्याचीच असते आणि महिन्याच्या हप्त्याने त्याला काढता येते. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठविलेल्या रकमेवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, त्यामुळे एका सत्राचा खर्च सहसा त्या मर्यादेत बसतो. अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेश' व्याजसवलत २०२२-२३ पासून बंद झाली आहे, आणि ती असतानाही एका सत्रासाठी नव्हतीच. तिच्या आशेवर कोणी राहू नये.

रकमेपेक्षा वेळेचा प्रश्न अवघड आहे. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. व्हिसासाठी पैसे जुलै-ऑगस्टमध्ये दाखवावे लागतात. नेमक्या त्याच वेळी बियाणे-खतांच्या दुकानदाराचा पैसा खेड्यापाड्यांत उधारीवर फिरत असतो आणि दिवाळीनंतर कापूस घरी आल्याशिवाय परत येत नाही. अशा वेळी दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून ही रक्कम उचलण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या मर्यादेवर दिवाळीची खरेदी उभी असते. मुलाचे सत्र संपेपर्यंत धंद्याचे सत्र बिघडलेले असते. मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले, तेव्हापासूनच वेगळी आवर्त ठेव सुरू केलेली बरी. आधीच शैक्षणिक कर्ज चालू असेल, तर सत्राचा खर्च त्यात वाढवून मिळतो का, हे शाखेत आधी विचारावे, तिकीट काढल्यावर नव्हे.

मुलगा असेल, तर हा सगळा विचार होऊन बहुधा होकार मिळतो. मुलगी असेल, तर हिशेब मांडलाच जात नाही. "सोयरिकीचं बोलणं चालू आहे, आता कशाला?" एवढ्यावर विषय मिटतो. चार महिन्यांनी जी सोयरीक मोडते, ती चाळीस वर्षे कशी टिकली असती, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. नियमाच्या बाबतीत पाहिले, तर घरोघरी एकासणे, आयंबिल आणि उपवास निगुतीने करणाऱ्या मुलीच अधिक आहेत. आणि त्यांच्यावरच विश्वास कमी, हा व्यवहार उलटा आहे.

विश्वास टाकून पाठविल्यावर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर "ताट दाखव" म्हणणेही शोभत नाही. हिवाळ्यात येथे रात्री नऊला दुकानाचे शटर खाली येते, तेव्हा बर्लिनला साडेचार वाजलेले असतात आणि सूर्य मावळून अर्धा तास झालेला असतो. ताट धुऊन पालथे पडलेले असते. बेचरजी स्वामींपाशी दुसरे काही साधन नव्हते. त्यांनी प्रतिज्ञा दिली आणि मुलाला जाऊ दिले. निघण्यापूर्वी मुलाने वा मुलीने स्वतः ठरवून, पेलतील तेवढेच नियम घ्यावेत, तेही शक्य तर महाराजसाहेबांकडून किंवा महासतीजींकडून पच्चक्खाण घेऊन. पाच नियम घेऊन तीन मोडण्यापेक्षा दोन घ्यावेत. पर्युषणाच्या आजीच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता येते : संवत्सरीचा दिवस कोणता, त्या दिवशी वर्ग किती वाजता, प्रतिक्रमण कसे करणार, हे सारे तिच्यापुढे बसून लिहून द्यावे.

परतीच्या वेळी दोन कामे राहून जातात. गोठविलेले खाते देश सोडण्यापूर्वी बंद करून शिल्लक मागवून घ्यावी लागते. मागाहून पत्रव्यवहाराने ते फार लांबते. दुसरे काम गुणपत्रिकेचे. परीक्षा फेब्रुवारीत होते, तेथले निकाल सावकाश लागतात, मग त्यांचे येथल्या गुणांत रूपांतर व्हावयाचे असते. तोवर येथल्या निकालपत्रात त्या सत्राचा रकाना कोरा दिसतो किंवा निकाल राखून ठेवल्याची खूण असते. मुलगा नापास होऊन आला, असे गावात कोणी बोलण्याआधी हे घरात आणि दुकानात सांगून ठेवावे.