मोठ्या चाकांची हौस आणि आपले रस्ते

दुकान नीट चालू लागले, मुलाला चांगली नोकरी लागली, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत आता पहिली चर्चा 'एसयूव्ही'ची होते. गाडी उंच असते, सगळे घर एकत्र बसते, पावसाळ्यात खड्ड्यांची धास्ती कमी, असा हिशेब असतो आणि तो चुकीचा नाही. पण शोरूममध्ये गेल्यावर नजर खिळते ती मोठ्या, चकचकीत अलॉय चाकांवर. मग १६ इंची चाकांचे साधे मॉडेल सोडून १८ इंचीचे वरचे मॉडेल घेतले जाते. कुणी आहे त्या गाडीलाच बाजारातून मोठी चाके बसवून आणतो. ज्या खड्ड्यांसाठी उंच गाडी घेतली, त्याच खड्ड्यांपुढे ही चाके नाजूक ठरतात. आमच्या घरातल्या दोन गाड्यांनी आम्हाला हे शिकवले.

आम्ही अंबरनाथला राहतो, भाईजान बदलापूरला. अम्मीचे डायलिसिस उल्हासनगरला, आठवड्यातून तीन वेळा. तिला नेण्या-आणण्याच्या पाळ्या दोन्ही घरांनी वाटून घेतल्या आहेत. आमची गाडी आठ वर्षांची, १६ इंची लोखंडी चाकांची. भाईजानची दोन वर्षांपूर्वीची, वरच्या मॉडेलची, १८ इंची अलॉय चाकांची. काही महिन्यांतच अम्मी म्हणू लागली, "बेटा, जुनी गाडीच पाठवत जा." नव्या गाडीचा एसी थंडगार, सीट मऊ. तरीही डायलिसिसनंतर गळून गेलेल्या शरीराला कल्याण-बदलापूर रस्त्यावरचा एकेक खड्डा जाणवत होता. भाभी म्हणाल्या, सवय नसेल. पण सहा महिन्यांनीही अम्मीचे म्हणणे तेच राहिले. मग आम्ही ओळखीच्या टायरवाल्याला गाठले.

त्याने टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचायला शिकवले. '२१५/६५ आर १६' यात २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के उंच. १६ हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे रबराची भिंत साधारण १४० मिलिमीटर झाली. याच गाडीला १८ इंची रिम लावायची, तर टायर लागतो '२१५/५५ आर १८'. त्याची भिंत ११८ मिलिमीटर. टायरसकट चाकाचा पूर्ण आकार जवळपास तेवढाच राहतो, गाडी जेमतेम चार मिलिमीटर उंच होते. वाढते ते धातू आणि घटते ते रबर, दोन सेंटिमीटरहून जास्त.

खड्ड्याचा पहिला मार झेलते ती हीच रबराची भिंत आणि तिच्या आतली हवा. उशी पातळ झाली की उरलेला धक्का रिमला, तिथून सस्पेन्शनला आणि शेवटी मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मणक्याला. त्यात मोठे चाक बहुधा वजनालाही जास्त. हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने चाक खड्ड्यातून वर उसळले की लवकर सावरत नाही. ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जोर जास्त लागतो, मायलेजही थोडे घटते.

मोठ्या चाकांचे काही फायदेही आहेत. त्यांच्या आत मोठी ब्रेक डिस्क बसते. द्रुतगती मार्गावर वेगात वळताना आखूड भिंतीचा टायर कमी डुलतो, स्टिअरिंगचा प्रतिसाद चटकन मिळतो. पण आमच्या गाड्यांचा प्रवास दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डा, गतिरोधक आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांतूनच होतो.

गेल्या जुलैत एका रात्री भाईजान अम्मीला घेऊन निघाले होते. पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. टायरची भिंत फाटली, रिमला तडा गेला. पंक्चरवाल्याने बोट लावून पाहिले आणि मान हलवली: जमिनीला टेकणाऱ्या भागातले छिद्र बुजवता येते, भिंतीला पॅच टिकत नाही. आमच्या गाडीची लोखंडी रिम एकदा वाकली होती, ती ठोकून सरळ करून मिळाली होती. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग मारून पुन्हा माणसे बसवणे मात्र धोक्याचे. स्टेपनी होती, पण छोट्या आकाराची, ताशी ८० च्या वर जाऊ नका अशी चिठ्ठी लावलेली. काही गाड्यांत तर तीही नसते, कारण ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना जुलै २०२० पासून मिळाली आहे. ते किट फाटलेल्या भिंतीपुढे निरुपयोगी. त्या आकाराचा टायर आसपास कुठेच तयार नव्हता, यायला तीन दिवस लागले. डायलिसिस तीन दिवस थांबत नाही. तेव्हा आमची जुनी गाडीच कामी आली.

त्याच जुन्या गाडीला १८ इंची चाके लावू या, असा आग्रह आमच्या पुतण्याने धरला होता. उल्हासनगरच्या बाजारात सुईपासून सोफ्यापर्यंत सगळे मिळते, नामांकित डिझाइनसारखी दिसणारी चाकेही मिळतात. पण ती किती भार सोसतील, हे दिसण्यावरून कळत नाही. रिम बाहेरच्या बाजूला जास्त आली तर बेअरिंगवर ताण येतो. टायर रुंद असेल तर गाडी भरून वळताना तो मडगार्डला घासतो. शिवाय कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हा मुद्दा आडवा येऊ शकतो. आम्ही पुतण्याला रागावलो नाही. टायरवाल्याकडे नेऊन दोन्ही टायर शेजारी उभे करून दाखवले. बचतीच्या पैशातून मूळ आकाराचे चार नवे टायर आले. भाईजाननी पुस्तिका पाहिली. त्यांच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १७ इंची चाके येतात. ब्रेकला ती अडत नाहीत याची खात्री करून त्यांनी तीच घेतली. आता अम्मी कोणती गाडी येणार, हे विचारत नाही.

ज्यांच्याकडे मोठी चाके आधीच आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या चिठ्ठीवरचा हवेचा दाब पाहावा आणि महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तेवढी हवा भरून घ्यावी. हवा कमी असली की आखूड टायर लवकर कापला जातो. भिंतीवर फुगा दिसला, तर आतले धागे तुटले आहेत असे समजावे. असा टायर बदलायलाच हवा.

आणि जे नवी गाडी घेणार आहेत, त्यांनी प्रत्येक मॉडेलच्या टायरचा आकार आणि एका टायरची किंमत आधी विचारावी. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या मोहल्ल्यातून घ्यावी. त्या वेळी स्टिअरिंग हौशी मुलाच्या हाती खुशाल द्यावे, पण मागच्या सीटवर घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला बसवावे आणि गाडीचा निकाल त्यालाच विचारावा.