टायरची आतली बाजू

गेल्या जानेवारीत आमच्या घरी एका टायरवरून वाद झाला. वाद म्हणायचा, पण बोलणारे फक्त बाबाच होते. ड्रायव्हरमामा खाली मान घालून अंगणात उभे होते, आई दारात होती आणि मी ओसरीवर प्रॅक्टिकलचं जर्नल उघडं टाकून ऐकत बसले होते.

आमचं गाव बेळगावपासून फार लांब नाही, मार्कंडेय नदीच्या काठी. घरी एक ट्रॅक्टर आहे आणि दोन चाकांची एक ट्रॉली. हंगामात ऊस कारखान्याला न्यायचा आणि बाकी वर्षभर शेणखत, वीट, वाळू, जे मिळेल ते. दिवाळीआधी बाबांनी ट्रॉलीला ९.००-१६ मापाचे दोन नवे टायर घातले होते, तेही उधारीवर. संक्रांतीपर्यंत डाव्या टायरची आतली बाजू पार गुळगुळीत झाली आणि एका जागी रबराखालचे धागे दिसायला लागले. बाहेरून बघितलं तर टायर नवाच. म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"एक चाक डांबराच्या खाली घालून चालवतोस, दुसरं काय?" बाबा म्हणाले. "टायरचे निम्मे पैसे पगारातून कापणार. दोन हप्त्यांत."

मामा एवढंच म्हणाले, "बरं, मालक."

मामा आमच्याकडे चौदा वर्षं आहेत. मी पहिलीत असताना पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ते मला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचे. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. पगारातून पैसे कापले म्हणजे कुठून कापले जाणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण बाबांचंही खोटं नव्हतं. कारखान्याचं बिल यायचं होतं, आणि टायरवाल्याचा फोन दर आठवड्याला येत होता.

रविवारी बाबा बाजाराला गेल्यावर मी खळ्यात गेले. का गेले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला फिजिक्सच्या बाई एक गोष्ट सारखी सांगतात, की एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नाही. बाबांनी एकच टायर बघितला होता. मी आधी दुसरा बघायचं ठरवलं.

टायर कसा झिजलाय यावरून पुष्कळ गोष्टी कळतात. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात आणि मधला भाग राहतो. हवा जास्त असेल तर उलटं, मधला पट्टा आधी जातो. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तर चाकाचा तोल बघायचा, बेअरिंग ढिली आहे का बघायचं. ओझं नेहमीच फार होत असेल तर आस मधे वाकते, चाकांचे वरचे भाग आत कलतात आणि दोन्ही टायर आतल्या बाजूने सारखेच झिजतात. आणि बाबा म्हणत होते तसं, चाक डांबराच्या कडेवरून वरखाली होत असेल, तर मार बाहेरच्या कडेला बसायला हवा. तिथे काप गेलेले दिसतील, रबराचे टवके उडालेले दिसतील. आमच्या टायरची बाहेरची बाजू स्वच्छ होती.

म्हणजे मामांनी चाक खाली घातलं नव्हतं. हे कळायला मला दहा मिनिटं लागली. तिथेच उठून घरात जाऊन सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

पण मी हात फिरवला. टायरच्या रुंदीवरून आतून बाहेर तळवा नेला तर गुळगुळीत लागलं. बाहेरून आत आणला तर प्रत्येक पट्टीची कड बोटांना करवतीसारखी लागली. मग उजव्या टायरवर फिरवला. तिथेही तसंच, फक्त धार बारीक. अशी धार येते ती चाक सरळ न चालता थोडं आडवं घासत चाललं की. म्हणजे दोन्ही चाकं एका दिशेला बघत नव्हती.

एवढ्यात मामा आले. वैरण टाकायला आले होते.

"काय करूलालीस गे तिथं?"

"मामा, जॅक कुठाय?"

त्यांनी काही विचारलं नाही. जॅक आणला. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, तिथून गवंड्याचा ओळंबा आणि पाण्याची नळी मागून आणली. खळ्याचा सिमेंटचा भाग नळीने बघून घेतला, कारण जमीनच कलती असेल तर ओळंब्याचा उपयोग काय? आधी एकेक चाक उचलून हाताने हलवून बघितलं. बेअरिंग घट्ट होत्या. चाक फिरवून बघितलं, रिम डुलत नव्हती. मग टायरवर खडू फासला आणि चाक फिरवत असताना एक खिळा एका जागी घट्ट धरून टायरच्या मधोमध गोल रेघ ओढली. दुसऱ्या चाकालाही तसंच केलं. चाकं खाली सोडली, ट्रॉली दोन हात पुढे ढकलली, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतात. मग आसाच्या उंचीवर टेप धरून दोन रेघांमधलं अंतर मोजलं. एकदा चाकांच्या पुढच्या बाजूला, एकदा मागच्या.

पुढे १५ मिलिमीटर जास्त आलं. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

ओळंबा लावला तेव्हा उजव्या रिमची वरची आणि खालची कड जवळजवळ एका रेषेत. डाव्या रिमची वरची कड ७ मिलिमीटर आत.

मी जर्नलच्या मागच्या पानावर गणित मांडलं. टायरचा व्यास सुमारे ८९० मिलिमीटर. त्यात १५ चा फरक म्हणजे एक अंश. एका अंशाने काय होतंय, असं वाटतं. पण १५ भागिले ८९० हे एका किलोमीटरला लावून बघा. दर किलोमीटरमागे दोन्ही चाकं मिळून साधारण १७ मीटर आडवी फरफटत होती, तीही उसाचं ओझं घेऊन. त्यात डावं चाक वरून आत कललेलं, म्हणून त्याची आतली कड सगळ्यात आधी गेली. टायर चांगला होता. चालवणाराही चांगला होता. आसाचं डावं टोक मागे आणि थोडं वर वाकलेलं होतं.

"हे असं कधी होतं, मामा?" मी ट्रॉलीखालूनच विचारलं.

"चाक जोरात कशावर तरी आदळलं की," मामा म्हणाले. आणि वैरण घेऊन गोठ्यात गेले.

तेव्हा मला मोरी आठवली. आठवली असं म्हणणं खरं नाही. मी ती विसरलेच नव्हते. फक्त तिचा आणि टायरचा संबंध लावला नव्हता.

गेल्या मे महिन्यात मी मामांच्या मागे लागून ट्रॅक्टर शिकले. बाबांना हे चालणार नाही हे मला माहीत होतं, मामांनाही माहीत होतं. म्हणून बाबा बेळगावला गेले की संध्याकाळी रानाच्या वाटेवर अर्धा तास. आठवड्याभरात मला वाटायला लागलं की आपल्याला येतंय. एक दिवस ट्रॉलीत शेणखत काठोकाठ भरलेलं होतं आणि मी म्हटलं, मीच नेते. मोरीजवळ डावीकडे वळायचं होतं. ट्रॅक्टर व्यवस्थित वळला. पण ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, ती वळणाच्या आतून येते, हे मला सांगितलेलं असूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. डावं चाक मोरीच्या दगडी कठड्यावर असं आदळलं की सीटवरून मी उडाले. मागून खत सांडलं. मामांनी उतरून ट्रॉलीखाली बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "काय झालं नाही. उतर तू. मी घेतो." सांडलेलं खत आम्ही दोघांनी पाटीने भरलं. त्यानंतर ट्रॅक्टरचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

मामांना त्या दिवशीच कळलं होतं का? मला अजून माहीत नाही. पण अंगणात मान खाली घालून "बरं, मालक" म्हणताना त्यांना कळलेलं होतं, एवढं नक्की. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते वाक्य माझ्याबद्दलचं होतं.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. कारण रविवारी सगळं कळूनही मी बाबांना सांगितलं गुरुवारी. मधले चार दिवस मी रोज कॉलेजला आले, प्रॅक्टिकल केलं, कँटीनमध्ये चहा प्यायले. मनाशी एक छान युक्तीही काढली होती. "बाबा, आस वाकलीय, मामांची चूक नाही," इतकंच सांगायचं. ते खोटं ठरलं नसतं. मामांचे पैसे वाचले असते, आणि आस कशाने वाकली हे कुणी विचारलं नसतं. पण बुधवारी संध्याकाळी मामांची मुलगी आमच्याकडे आली आणि आईला विचारू लागली, गाईडचे पैसे पुढच्या महिन्यात दिले तर दुकानदार ऐकेल का. मी आत भाकरी खात होते. घास खाली उतरेना.

गुरुवारी रात्री बाबांना खळ्यात नेलं, टॉर्च दिला, टायरवर हात फिरवायला लावला. टेप धरायला लावला. आणि मग मोरीचं सांगितलं. बाबा रागावतील अशी माझी तयारी होती. ते रागावले नाहीत. खाली बसले आणि टॉर्चचा उजेड आसावर धरून राहिले.

"ट्रॅक्टर चालवलास याचं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "पण तो माणूस माझ्यासमोर उभा होता आणि तू ओसरीवर बसलेलीस."

यावर मला बोलता आलं नाही. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण रविवारनंतरच्या चार दिवसांचं काय?

पहिल्या हप्त्याचे कापलेले पैसे बाबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिले. म्हणाले, "मी देणार नाही. तू जा." मी मामांच्या घरी गेले. मामींनी चहा ठेवला. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं निम्मंच आलं. मामांनी पैसे घेतले, मोजले, मुलीला हाक मारून तिच्या हातात दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वळताना मागच्या चाकाकडं बघायचं असतंय, पोरी. पुढचं कुणालाबी दिसतंय."

आस उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये दाबून सरळ करता येईल का विचारलं. तिथल्या माणसाने बघून सांगितलं की सरळ होईल, पण तिच्यावर परत उसाचं ओझं घालू नका. मग नवीच आस घातली. तिचीही उधारी झाली. बाबांचा पहिला फेरा चुकला असेल, पण नवी आस बसवल्यावर पुढचं-मागचं अंतर मोजायला त्यांनी मलाच बोलावलं. टेपचं दुसरं टोक मामांनी धरलं होतं. फरक १ मिलिमीटर.

डाव्या बाजूचा तो टायर अजून खळ्यात पडून आहे. आईने त्यात माती घालून मिरचीची रोपं लावलीत. त्याची गुळगुळीत बाजू ओसरीवरून दिसते.