दादाचा ट्यूनर आणि तुझा

पुणे

चि. ईशास,


बाबांचा ट्यूनर पाठवशील का काका, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. तुला वाईट वाटलं असणार. तो मी पाठवणार नाही. पण त्याचं कारण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

दादाने तो एफएम रेडिओचा ट्यूनर १९८५ साली मस्कतहून आणला. ॲम्प्लिफायरवर ठेवला, मागे टी आकाराची चपटी वायर जोडली, ती भिंतीवर चिकटपट्टीने ताणून लावली आणि बटण दाबलं. पट्टी उजळली, ८८ ते १०८. या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा नेला तरी नुसती खरखर. पुण्यात तेव्हा एफएम नव्हतंच. देशात त्याची सुरुवात मद्रासला १९७७ मध्ये झाली होती, पण आमच्यापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. तरी सुट्टीवर आला की दादा रोज जेवणं झाल्यावर एकदा काटा फिरवून बघायचा. शेवटी एकदा १०१ वर सिग्नलची सुई उजवीकडे झुकली, तेव्हा तो मला बोलवायला गॅलरीत धावत आला. निवेदिका दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत होती, तो ऐकू येत होता. मीडियम वेव्हवर इतकी वर्षं विविध भारती ऐकली, पण तो श्वास कधी ऐकला नव्हता.

श्वासही ऐकू येईल अशी ही शांतता ज्याने शोधून काढली, त्याचा मनोरा तुझ्याच न्यू जर्सीत उभा आहे. एडविन आर्मस्ट्राँग, कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक. वीज कडाडली, मोटार सुरू झाली की रेडिओ खरखरतो, कारण तो गोंगाट लहरीच्या उंचीत मिसळतो. आर्मस्ट्राँगने आवाज उंचीत न घालता लहरीच्या वारंवारतेत घातला. मग उंचीत शिरलेला गोंगाट सेटमध्ये छाटून टाकता आला. १९३३ मध्ये पेटंट मिळालं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंजिनिअरांसमोर त्याने प्रात्यक्षिक केलं. योंकर्समधल्या एका घरी ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगाळला, आणि ते जसंच्या तसं सभागृहात ऐकू आलं. पुढे मोठ्या कंपन्यांशी पेटंटचे खटले चालले. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच वर हलवला आणि लोकांच्या घरातले सेट निकामी झाले. पैसा संपला, माणूस खचला, आणि १९५४ च्या जानेवारीत त्याने खिडकीतून उडी घेतली. खटले त्याच्या पत्नीने, मॅरियनने, पुढे चालवले. शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. त्याने बांधलेला तीन आडव्या हातांचा मनोरा अल्पाइन गावात हडसनकाठच्या कड्यावर आहे. एखाद्या रविवारी जाऊन बघून ये.

आता दादाचा ट्यूनर तिकडे का नको, ते सांगतो. एक तर तो २२० व्होल्टचा. त्याला ट्रान्सफॉर्मर लावता येईल. खरी अडचण वेगळी आहे. स्टेशनवाले बारीक, तीव्र सूर मुद्दाम वाढवून पाठवतात, आणि ट्यूनर ते तेवढेच खाली आणतो. त्यासोबत खरखरही खाली जाते. किती वाढवायचे, हे देशाने ठरवलेलं असतं. आपल्याकडे आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. दादाचा ट्यूनर ५० चा. तिकडे तो प्रत्येक झांज, प्रत्येक ‘स’ टोचेल असा ऐकवेल. तुझ्या बाबांची आठवण तुला अशी कर्कश ऐकू यावी, हे मला चालणार नाही.

म्हणून तिकडचाच घे, आणि जुना घे. सत्तरच्या दशकात जपान्यांनी जे ट्यूनर केले, तसं काम नंतर त्या किमतीत फारसं झालं नाही. केनवुडचा केटी-८३००, सॅन्सुईचा टीयू-७१७, असं काही मिळालं तर बघ. या दोन्हींवर ‘वाइड’ आणि ‘नॅरो’ असं बटण आहे. तुझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या एडिसनला न्यूयॉर्कची गर्दी, वर फिलाडेल्फियाची, आणि गावातली वेगळीच. तुला कोलंबियाचं डब्ल्यूकेसीआर हवं असणार, ८९.९. शेजारच्या पिस्कॅटवेमध्ये ९०.३ वर रटगर्सच्या मुलांचं स्टेशन, आणि मध्ये ९०.१ वर फिलाडेल्फिया. घराजवळचा जोरदार आवाज लांबच्या नाजूक आवाजावर बसतो. नॅरोवर गाण्याची गोलाई जराशी कमी होते, पण शेजारी घुसत नाही. एरवी वाइडवरच ठेव. विकणाऱ्याला एवढंच विचार: अलाइनमेंट करून घेतलं आहे का? चाळीस-पन्नास वर्षांत आतले कपॅसिटर वाळतात, आणि मग मोठं नावही उपयोगाचं नसतं. आकड्यांचा डिजिटल घेतलास तर तो इकडे परत आणू नकोस. तिकडचे बरेचसे ०.२ च्या टप्प्याने उडी मारतात, १००.९ वरून थेट १०१.१ वर. आपलं १०१ त्यांना सापडतच नाही.

आणि सगळ्यात आधी एरियल. ट्यूनरवर शंभर डॉलर घालून मागे वीतभर वायर लोंबत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, फार हळहळ वाटते. टी आकाराची साधी वायर पुरेल. तिचा आडवा भाग साधारण दीड मीटर असतो. तो गुंडाळू नकोस, पूर्ण ताण. वायरीच्या टोकांकडून लहरी फारशा पकडल्या जात नाहीत, अंगावर येणाऱ्याच पकडल्या जातात. न्यूयॉर्क तुझ्या ईशान्येला आहे, म्हणून वायर वायव्य-आग्नेय लाव, शक्यतो वरच्या मजल्यावर. स्टिरिओचा लाल दिवा लागला पण मागे खरखर आली, तर मोनोचं बटण दाब. त्यात कमीपणा नाही. लांबचं स्टेशन मोनोवर नेहमीच जास्त स्वच्छ येतं.

दादाचा ट्यूनर इथेच आहे, कपाटाशेजारी. भिंतीवरची वायर दोनदा बदलली. रात्री दहाला छायागीत लागतं तेव्हा काटा १०१ वरच असतो. तू येशील तेव्हा तूच फिरव.

वायर लावून झाली की फोटो पाठव, आणि पहिल्यांदा काय लागलं ते कळव.

तुझा,
काका